बेवारस पाणी : हिवतापाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात याच सदरात पावसाळी आजारांविषयी लिहिताना, हिवतापाच्या डासाला आवर घालायचा तर गावाने आपल्या हद्दीतील साचलेल्या पाण्याची व्यवस्था स्वतःच्या हाती घेतली पाहिजे, असे आम्ही म्हटले होते. त्यावर पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. बहुतेकांनी मुद्दा मान्य केला आहे, परंतु प्रत्यक्ष करायला गेल्यावर काय अडते तेही मोकळेपणाने कळवले आहे. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने मे महिन्यात सर्व गटारे उपसली, कडेने पावडर टाकली, उकिरडे गावाबाहेर हलवले. तरीही भाद्रपदात एकाच वाडीतील चार जणांच्या रक्तनमुन्यात हिवतापाचे जंतू आढळले. मग एवढी स्वच्छता करून काय साधले?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : गटारे उपसल्याने क्युलेक्स डास कमी होतात आणि त्यांच्यामुळे पसरणाऱ्या हत्तीरोगाचा धोकाही घटतो, तेव्हा ते श्रम वाया गेले असे कृपया समजू नये. परंतु हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस डास घाण पाण्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला स्वच्छ आणि संथ पाणी लागते. त्याच्याही जाती निराळ्या आहेत आणि प्रत्येकीची पाण्याची आवड निराळी आहे. स्टीफेन्सी ही जात शहरी वस्तीत, गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामाच्या पाण्यात वाढते. क्युलिसिफेसीस ही खेड्यातली मुख्य जात असून ती भातखाचरांत, वहाळ आटताना मागे राहिलेल्या डबक्यांत आणि माती काढलेल्या खड्ड्यांत अंडी घालते. फ्लुविएटिलिसला डोंगरपायथ्याचे झिरपे आणि मंद वाहते पाट आवडतात. आपल्या वाडीत यांपैकी कोणते पाणी आहे, हा प्रश्न गटार उपसण्याच्या आधी विचारायला हवा होता.

याची खात्री करण्यासाठी मोठ्या उपकरणांची गरज नाही. पांढऱ्या रंगाची एक वाटी आणि लांब दांड्याचे ओगराळे घेऊन सकाळच्या उजेडात पाण्याच्या कडेशी, गवताच्या मुळांजवळ बसावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, कारण सावली पडताच अळ्या बुडी मारतात. पाणी हलकेच वाटीत घेऊन दोन-तीन मिनिटे थांबावे. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, तरंगणाऱ्या भाताच्या तुसासारखी आडवी पडलेली दिसते. क्युलेक्सची किंवा डेंगी पसरवणाऱ्या एडिसची अळी मात्र डोके खाली करून तिरपी लोंबकळते, कारण श्वासासाठी तिच्या शेपटीकडे नळी असते आणि ॲनॉफिलीसच्या अळीला ती नसते. शाळेतील पाचवीच्या मुलांनाही हा फरक एकदा दाखवला की पुन्हा सांगावा लागत नाही.

रुग्ण भाद्रपदातच का आढळले, यालाही कारण आहे. आषाढातला कोकणचा पाऊस अळ्या धुऊन नेतो. पावसाचा जोर ओसरून उघडीप मिळू लागली की तेच पाणी जागोजागी थांबते, ऊन खाते, आणि आठ ते दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्या डासाने बाधित माणसाचे रक्त घेतल्यावर त्याच्या पोटात हिवतापाचे जंतू तयार होण्यास आपल्याकडच्या हवामानात आणखी साधारण दहा ते चौदा दिवस जातात. म्हणून मे महिन्यातली एक मोठी मोहीम पुरत नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला पाणी पाहणारे डोळे लागतात.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. ताप वाढला की लोक फक्त धुरळणी मागतात. धुराचे यंत्र फिरले नाही तर पंचायतीने काहीच केले नाही, असे बोलले जाते. काय सांगावे?
– एक सदस्य, ता. राजापूर

उत्तर : धुराने त्या क्षणी उडणारे डास मरतात, आणि धूर विरला की त्याचा परिणामही संपतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याने काहीही होत नाही, त्यामुळे पुढच्या काही दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. साथ भडकली असताना आरोग्य खात्याच्या सल्ल्याने धुरळणी जरूर करावी, पण तिला उपाय मानून थांबू नये. यंत्र ज्या दिवशी येईल त्याच दिवशी वाडीतल्या पाच-दहा जणांना सोबत घेऊन पाण्याची ठिकाणे दाखवावीत आणि वाटीतल्या जिवंत अळ्या त्यांच्या हातात द्याव्यात. धूर गेल्यावरही त्या वळवळत आहेत, हे ज्याने पाहिले तो पुढच्या वेळी वेगळी मागणी करतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमचे मूळ घर देवगड तालुक्यात असून आम्ही डोंबिवलीला राहतो. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंद असते. परसात विहीर आहे, गच्चीवर टाकी आहे. यंदा शेजाऱ्यांनी फोन करून, तुमच्या टाकीत डास होतात, अशी तक्रार केली. आम्ही इतक्या लांबून काय करू शकतो?
– एक चाकरमानी

उत्तर : आपण हे पत्र लिहिलेत याचा मनापासून आनंद झाला, कारण कोकणातल्या हिवतापाच्या प्रश्नात बंद घरांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वाडीतल्या वीस घरांपैकी आठ बंद असतील, तर उरलेल्या बारा घरांनी कितीही काळजी घेतली तरी डासाला आठ आसरे उरतातच. ॲनॉफिलीस एक-दोन किलोमीटर सहज उडतो, त्याला गडगा आडवा येत नाही.

टाकीचे काम सोपे आहे. निघण्याच्या दिवशी ती पूर्ण रिकामी करून, तळाचा ओलावा पुसून झाकण घट्ट बसवावे. झाकणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हवेची आणि जादा पाण्याची नळी. तिच्या तोंडाला नायलॉनच्या बारीक जाळीचा तुकडा तारेने आवळून बांधावा. झाकण बंद पण नळी उघडी, अशा टाक्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. डासाला तेवढी वाट पुरते.

विहिरीचे दुखणे मात्र नवे आहे. रहाट चालत होता किंवा चार घरांच्या कळशा रोज पडत होत्या, तोवर विहिरीकडे रोज कोणीतरी वाकून पाहत असे. त्यात मासे आणि कासव सोडण्याची जुनी पद्धतही अनेक गावांत होती. नळपाणी योजना आली, हे चांगलेच झाले, पण विहिरीवरचे लक्ष उडाले. पाणी तेच राहिले आणि ते बेवारस झाले. मुंबईनेही हा अनुभव शंभर वर्षांपूर्वी घेतला आहे. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला आणि त्यात विहिरींतल्या स्टीफेन्सी डासाकडे बोट दाखवले. त्यानंतर विहिरी बुजवण्याचा आणि झाकण्याचा आग्रह सुरू झाला, तेव्हा विहिरीला पवित्र मानणाऱ्या समाजांकडून मोठा विरोध झाला. विहीर म्हणजे केवळ पाण्याचा खड्डा नव्हे, ही त्यांची भावना खरी होती आणि डासाविषयीचे शास्त्रही खरे होते. माझ्या मते कोकणातली विहीर बुजवण्याची घाई कोणीही करू नये. एप्रिल-मे महिन्यांत तिचा आधार पुन्हा लागतो. तिला जाळीचे झाकण करावे किंवा तिच्यात अळ्या खाणारे मासे सोडावेत, आणि आठवड्यातून एकदा पाहण्यासाठी शेजाऱ्यांना परसात येण्याची लेखी परवानगी देऊन ठेवावी. फाटकाची किल्ली शेजारी ठेवण्याचा संकोच वाटत असेल तर ती आशाताईंकडे ठेवावी. शेजाऱ्यांचा फोन आपण तक्रार म्हणून घेतलात, पण आपल्या घराकडे कोणाचे तरी लक्ष आहे हेच त्यातून दिसते.

प्रश्न : आमच्या बचत गटाने गेल्या वर्षी श्रमदानातून वहाळावर सिमेंटच्या पिशव्यांचा बंधारा घातला. पाणी मार्चपर्यंत टिकले, भाजीपाला झाला. आता गावातील काही मंडळी म्हणतात की बंधाऱ्यामुळेच हिवताप आला, यंदा तो घालू नका. शिवाय गावाच्या वरच्या अंगाला चिरेखाणी आहेत. खरे कारण कोणते?
– बचत गटाच्या सदस्या, ता. लांजा

उत्तर : बंधारा घालणे थांबवू नका. पाणी अडवणे आणि डास रोखणे या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात, मात्र बंधाऱ्याच्या कामात आणखी दोन-तीन कामांची भर घालावी लागेल.

बंधाऱ्याच्या मधल्या खोल, वाऱ्याने हलणाऱ्या पाण्यात ॲनॉफिलीसच्या अळ्या फारशा तगत नाहीत. त्या काठाच्या उथळ पाण्यात, गवताच्या आणि शेवाळाच्या आडोशाला राहतात. त्याहून अधिक धोका बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला असतो. पिशव्यांतून झिरपलेले पाणी कातळाच्या खळग्यांत साचते, त्याला प्रवाह नसतो, ऊन मिळते आणि मासे तिथवर पोहोचत नाहीत. गावातले लोक वर पाहून बंधाऱ्याला दोष देतात आणि खालचे खळगे कोणी पाहतच नाही. म्हणून दर आठवड्याला काठाचे गवत कापावे, शेवाळ दाताळ्याने ओढून काढावे, खालचे खळगे दगड-मातीने भरावेत आणि झिरपणाऱ्या पाण्यासाठी हातभर रुंदीची एकच सरळ नाळ खणून द्यावी, म्हणजे ते पसरणार नाही.

बंधारा घालतानाच त्यात एक जाडसर पाइप बसवून ठेवता आला तर फारच उत्तम. आठवड्यातून एकदा तो काही वेळ उघडला की वरची पातळी वीतभर उतरते, काठाच्या अळ्या कोरड्यावर पडतात आणि सुटलेल्या लोंढ्याने खालची डबकी धुऊन निघतात. पातळी अशी खाली-वर करण्याचे तंत्र अमेरिकेतील टेनेसी नदीखोऱ्याच्या मोठ्या धरणांवर हिवतापाविरुद्ध मुद्दाम वापरले गेले होते. तत्त्व तेच आहे, फक्त तुमचा बंधारा लहान आहे आणि पाइपचे झाकण उघडायला गटातली एक बाई पुरेशी आहे. वायंगणी (उन्हाळी) भात करत असाल तर तिथेही खाचर आठवड्यातून एकदा पूर्ण सुकू द्यावे. पावसाळी भातात, अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात, हे करता येणार नाही, आणि करा असे सांगणेही योग्य नाही.

चिरेखाणींबद्दल मला अधिक चिंता वाटते. चिरा काढून झाल्यावर उरलेली खाण म्हणजे उभ्या भिंती आणि सपाट तळ असलेले, पावसाच्या निर्मळ पाण्याने भरलेले एक उथळ टाकेच असते. वरच्या थरांतला चिरा संपला की मालक दुसरीकडे जातो आणि पाणी तिथेच राहते. जवळच्या झोपड्यांत खाणकामगार कुटुंबासह राहत असतील तर डास आणि माणूस यांच्यात शंभर पावलांचेही अंतर नसते. येथे बचत गटाने घमेली घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण ते काम मालकाचे आहे. ग्रामसभेत असा ठराव करून घ्यावा की संपलेल्या खाणीचा तळ एका बाजूला उतरता करून पाण्याला वाट काढून दिली जाईल किंवा ती तुकड्या-मातीने भरली जाईल, आणि ज्या खाणीचे पाणी कलमांना घालण्यासाठी राखायचे आहे तिच्यात मासे सोडले जातील. पुढच्या खाणीसाठी गावाची संमती मागितली जाईल तेव्हा ही अट कागदावर यायला हवी. लोकसहभाग म्हणजे लोकांनी फुकट राबणे, असा एक समज सोयीस्करपणे रुजला आहे. ज्याच्या व्यवसायातून खड्डा झाला त्याला तो बुजवायला लावणे, हाही लोकसहभागच आहे.

प्रश्न : आमच्या बंदरावर परप्रांतातून खलाशी येतात. तापाचे रुग्ण बहुधा त्यांच्यात निघतात. त्यांना वस्तीपासून दूर ठेवावे, असा विचार काही जण मांडतात. आपले मत काय?
– मच्छीमार सोसायटीचे सभासद, ता. दापोली

उत्तर : हा विचार माणुसकीला धरून नाही, आणि त्याने हिवतापही थांबणार नाही. खलाशी हिवताप घेऊन येत असेल किंवा त्याला तो इथेच झाला असेल, दोन्ही वेळा पुढचा प्रसार आपल्या गावच्या पाण्यात वाढलेला डास करतो. खलाशाला दूर ठेवले तर तो ताप लपवतो, दुकानातून गोळी आणून कामावर जातो, आणि रक्तात जंतू असताना रात्री उघड्यावर झोपतो. हा डास सांजवेळेपासून पहाटेपर्यंत चावतो.

ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरतात तेव्हा नव्याने आलेल्या प्रत्येकाचा, ताप असो वा नसो, रक्तनमुना घेण्याची विनंती सोसायटीने प्राथमिक आरोग्य केंद्राला करावी. ज्यांना व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप निघेल त्यांना क्लोरोक्विनच्या तीन दिवसांनंतर ताप उतरल्यासारखे वाटते, पण यकृतात दडलेले जंतू मारणाऱ्या प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस पूर्ण घ्याव्या लागतात, आणि गरोदर स्त्रियांना व तान्ह्या मुलांना त्या देत नाहीत. मध्येच समुद्रावर गेल्याने गोळ्या सुटतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो. ही जबाबदारी तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, घ्यावी, होडीवर शिधा चढतो तेव्हा गोळ्यांची पट्टीही चढली पाहिजे. खलाशांच्या खोल्यांना मच्छरदाण्या आणि किनाऱ्यावरच्या पाण्याच्या पिंपांना झाकणे देणे सोसायटीला अवघड जाऊ नये. ओढून ठेवलेल्या होडीच्या तळातले पावसाचे पाणी आणि कडेला टांगायचे टायर यांच्याकडेही पाहावे. तिथे प्रामुख्याने डेंगीचा डास वाढतो, पण फेरी एकच आहे.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षक आहे. आम्ही दर शनिवारी कोरडा दिवस, म्हणजे साठवलेले पाणी रिकामे करण्याचा दिवस, पाळण्याचे ठरवले. पहिल्या शनिवारी साठ माणसे आली, चौथ्या शनिवारी मी आणि आशाताई, असे दोघेच होतो. उत्साह टिकवायचा कसा? गप्पी मासे आणायचे झाल्यास काय काळजी घ्यावी?
– एक शिक्षक, ता. कुडाळ

उत्तर : उत्साह टिकत नाही, हे गृहीत धरूनच योजना आखावी. आपल्या देशाने याची किंमत मोजलेली आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने मरत, असा अंदाज आहे. 1953 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डीडीटी घराघरांत फवारले गेले, आणि 1961च्या सुमारास रुग्णांची नोंद पन्नास हजारांपर्यंत उतरली. मग लक्ष ढळले, डासांना औषधाची सवय झाली, शहरांतल्या टाक्या-विहिरी दुर्लक्षित राहिल्या आणि 1976 मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. 1983 साली गुजरातेत खेडा जिल्ह्यातील नडियाद भागात मलेरिया संशोधन केंद्राने डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या पुढाकाराने वेगळी वाट धरली. तिथे खड्डे बुजवणे, निचरा करणे, गप्पी मासे सोडणे ही कामे गावकऱ्यांना सोबत घेऊन झाली, आणि त्यांना झाडे लावणे, तळ्यात खाण्याचे मासे वाढवणे अशी उत्पन्न देणारी कामेही जोडली गेली. मला त्या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ताप न येणे हा लाभ डोळ्यांना दिसत नाही, तळ्यातला मासा दिसतो.

आपल्या गावासाठी माझी सूचना अशी. साठ माणसांना बोलावू नये. मुलांना घेऊन एकदा गावाचा फेरा मारावा आणि वहीत प्रत्येक साचलेल्या पाण्याची नोंद करावी : पाणी कुठे आहे, किती दिवस टिकते, आणि ते कोणाचे आहे. तिसरा रकाना भरताना गाव गप्प होते. मी एका गावात असा फेरा केला होता. घरांच्या पाण्याला नावे पटापट मिळाली. मग नळयोजनेच्या व्हॉल्व्हची सिमेंटची चेंबर आली, अर्धवट सोडलेल्या साकवाच्या पायाचा खड्डा आला, देवळामागची बुजत आलेली तळी आली, आणि "हे सरकारी", "हे देवाचे", "हे ठेकेदाराचे" अशी उत्तरे येऊ लागली. चेंबरचे झाकण उचलले तर आत फुटभर नितळ पाणी होते आणि भिंतीला डास बसलेले होते. पाण्याच्या टाकीची गळती अडवायची म्हणून ज्या वाडीने तीनदा अर्ज केला होता, त्याच वाडीत त्या वर्षी ताप होता. अशा प्रत्येक बेवारस पाण्यासमोर एका माणसाचे नाव लिहावे. त्याचे काम आठवड्यातून दहा मिनिटे पाहण्याचे, आणि अळ्या दिसल्यास कळवण्याचे. खड्डा बुजवण्याचे काम पंचायत, ठेकेदार किंवा देवस्थान यांच्याकडे, ग्रामसभेच्या ठरावाने द्यावे. ही वही 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी.

आता गप्पी माशांविषयी. पूर्ण वाढलेला एक गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो आणि तो अंडी न घालता थेट पिले देतो, म्हणून शाळेच्या आवारातल्या सिमेंटच्या एका लहान टाकीत गावापुरते मासे सहज वाढतात. विहिरी, हौद, वापरात नसलेल्या खाणी, कलमांच्या टाक्या यांत ते सोडावेत. वाहत्या वहाळात आणि जुन्या तळ्यांत मात्र ते सोडू नयेत, आणि गॅम्बुशिया तर मुळीच सोडू नये, कारण बाहेरून आलेले हे मासे स्थानिक माशांच्या पिलांवर आणि बेडकांच्या अंड्यांवर ताव मारतात. आपल्या वहाळात डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला, पृष्ठभागालगत फिरणारा लहान मासा आपण पाहिला असेल. तोही अळ्या खातो. त्याच्याच जवळच्या एका जातीचा प्रयोग नव्वदच्या दशकात गोव्यात, बांधकामांमुळे वाढलेल्या स्टीफेन्सीविरुद्ध, जैविक अळीनाशकाच्या जोडीने झाला होता. जिथे तो आधीच आहे तिथे त्याला राहू द्यावे, एवढे पुरे.

मासे नेताना प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि उरलेली हवा ठेवावी, आदल्या दिवशी त्यांना खायला देऊ नये, आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघावे. विहिरीवर पोहोचल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे तशीच पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होते. मग तोंड उघडून ती आडवी धरावी आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्यावेत. त्या विहिरीत निदान त्या आठवड्यात ब्लिचिंग पावडर टाकू नये, आणि पाणी शुद्धीकरणाचा दिवस आरोग्य सेवकांना विचारूनच मासे सोडण्याचा दिवस ठरवावा.